स्पोर्ट्स वॉचवरची रिकव्हरी, रक्तातला ऑक्सिजन आणि झोप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळचे सहा वाजायच्या आत फोनवर स्क्रीनशॉट यायला लागतात. "रिकव्हरी ३१ दाखवतंय, आज पळू का?" "रात्री ऑक्सिजन ८५ झाला होता, काळजीचं आहे का?" "गाढ झोप फक्त ३८ मिनिटं. माझं काय चुकतंय?" आमच्या धावण्याच्या गटात नव्यांचा सराव मी आखून देते, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही. पण सहा वर्षं रोज रात्री मनगटावर घड्याळ बांधून झोपते आणि सकाळी त्याचे आकडे वहीत उतरवते. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे.

घड्याळ प्रत्यक्षात मोजतं काय?

फार थोडं. अंधारात घड्याळ मनगटावरून थोडं उचलून बघा. खालून हिरवा उजेड लुकलुकताना दिसेल. हिरवा प्रकाश रक्तात चांगला शोषला जातो. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेवढ्या क्षणापुरता प्रकाश जास्त शोषला जातो आणि कमी परत येतो. शेजारचा सेन्सर हे कमीजास्त टिपतो. ही झाली नाडी. दुसरी गोष्ट हालचाल. त्यासाठी आत ॲक्सेलरोमीटर असतो. काही घड्याळांत त्वचेचं तापमान कळतं, आणि ऑक्सिजनसाठी लाल व इन्फ्रारेड दिवे असतात.

संपलं. बाकी जे काही स्क्रीनवर दिसतं, म्हणजे झोपेचे टप्पे, ताण, रिकव्हरी (शरीर किती सावरलं त्याचे गुण), बॉडी बॅटरी (अंगात किती दम उरला त्याचा अंदाज), ते सगळं या दोनतीन गोष्टींवरून गणित करून बांधलेलं असतं. म्हणून आकडा बघताना मी पहिल्यांदा एवढंच विचारते, हा मोजलेला की बांधलेला? झोपेतला नाडीचा वेग मोजलेला असतो आणि बराच भरवशाचा असतो. शांत झोपेत घेतलेला एचआरव्हीसुद्धा (ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार, पुढे सांगते) ठीक. एकूण किती वेळ झोपलात, हा अंदाज चांगला जमतो. झोपेचे टप्पे हा त्याहून कच्चा अंदाज, आणि रिकव्हरी स्कोअर म्हणजे अनेक अंदाजांची मोट.

एचआरव्ही म्हणजे नक्की काय?

हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार. नाडी मिनिटाला ६० असली तरी प्रत्येक ठोका बरोबर एका सेकंदाने पडत नाही. एक अंतर ९६० मिलिसेकंदांचं, पुढचं १०४०, त्यापुढचं १०१०, असं चालतं. हे बोटांनाही जाणवतं. शांत बसा, मनगटावर दोन बोटं ठेवा आणि सावकाश खोल श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित घाईत पडतात, सोडताना रेंगाळतात. गटातल्या प्रत्येक नव्या माणसाला मी हे करायला लावते, कारण एकदा बोटाखाली जाणवलं की एचआरव्ही हा शब्द परका राहत नाही.

हा रेंगाळा व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे येतो. शरीर निवांत असेल तेव्हा या मज्जातंतूचा हृदयावर चांगला ताबा असतो आणि ठोक्यांतला फरक मोठा राहतो. कष्ट, ताप, मद्य, जागरण, भांडण यांपैकी काहीही झालं की तो ताबा सुटतो, ठोके घड्याळाच्या काट्यासारखे एकसारखे पडायला लागतात आणि एचआरव्ही उतरतो. मोजणीच्या अनेक पद्धती आहेत. १९९६ साली युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून त्यांचे निकष ठरवले. मनगटी घड्याळं बहुतेक आरएमएसएसडी ही पद्धत वापरतात. त्यात लागोपाठच्या अंतरांमधला फरक धरतात आणि उत्तर मिलिसेकंदांत येतं.

रात्रीच का मोजतात? दिवसा जिना चढलात, फोनवर आवाज चढला, नुसतं उभं राहिलात तरी आकडा हलतो. झोपेत ही ढवळाढवळ सर्वांत कमी असते, आणि हात स्थिर असल्यामुळे प्रकाशाचं वाचनही स्वच्छ मिळतं.

माझा एचआरव्ही ३२ आणि मैत्रिणीचा ९०. मी तिच्यापेक्षा कमी फिट आहे का?

यावरून काहीच ठरत नाही. वय, अनुवंश, श्वासाची लय, घड्याळाची मोजणी, सगळ्यांचा यात वाटा असतो. वयाबरोबर तो उतरतोच. आमच्या गटात एचआरव्ही तिशीत असलेला एक गृहस्थ पूर्ण मॅरेथॉन उत्तम पळतो. तुमचा आकडा फक्त तुमच्या मागच्या काही आठवड्यांशी ताडून बघायचा. मैत्रिणीचा स्क्रीनशॉट यात उपयोगाचा नाही.

रिकव्हरी स्कोअर कसा काढतात? दोन कंपन्यांची घड्याळं वेगळं का सांगतात?

प्रत्येकाचं गणित वेगळं आणि बरंचसं झाकलेलं. साधारणपणे रात्रीचा एचआरव्ही, विश्रांतीतली नाडी, श्वासाचा वेग आणि झोप हे घेऊन तुमच्याच मागच्या सरासरीशी तुलना होते. पोलरचं नाइटली रिचार्ज झोपेच्या साधारण पहिल्या चार तासांकडे बघतं आणि मागच्या २८ दिवसांशी ताडतं. व्हूप टक्के देतं आणि रंग लावतं. ६७ आणि त्यावर हिरवा, ३४ ते ६६ पिवळा, त्याखाली लाल. गार्मिनच्या बॉडी बॅटरीमागचं गणित फर्स्टबीट या फिनलंडच्या कंपनीचं, जी २०२० साली गार्मिननेच घेतली. एकाची खिडकी पहिल्या चार तासांची आणि दुसऱ्याची पूर्ण रात्रीची असेल, तर उशिरा जेवून झोपलेल्या रात्री दोघांचे निकाल जुळायचे नाहीत. पचन सुरू असताना नाडी वर असते, आणि ते ओझं मुख्यतः रात्रीच्या पूर्वार्धात पडतं.

म्हणून मी स्कोअरवर थांबत नाही. त्याच्या आत जाऊन नाडी आणि एचआरव्ही हे दोन कच्चे आकडे बघते. स्कोअर घसरला आणि हे दोन्ही जागच्या जागी असतील, तर बहुतेक वेळा फक्त झोप कमी झालेली असते, आणि त्याला उपाय आहे.

व्यायामानंतर 'रिकव्हरी ६० तास' असं आलं. तेवढा वेळ काहीच करायचं नाही का?

तसा त्याचा अर्थ नाही. पुढचा कठीण व्यायाम केव्हा करावा, याचा तो अंदाज असतो. चालणं, बोलता बोलता जमेल इतपत हलकं धावणं, पोहणं, अंग मोकळं करणं हे मधल्या काळात खुशाल करा.

पण या आकड्यात एक मोठी उणीव आहे आणि ती मला खरंच महत्त्वाची वाटते. घड्याळ हृदयावर पडलेला भार ओळखतं. पायांवर पडलेला भार त्याला दिसत नाही. लांब उतारावरून धावलात की नाडी आरामात असते आणि घड्याळ म्हणतं, सोपा व्यायाम झाला. इकडे मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावत असतात, आणि त्या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना सर्वांत जास्त इजा होते. ती दुखण त्याच दिवशी येत नाही, २४ ते ७२ तासांत वर येते. म्हणजे घड्याळावर 'पूर्ण सावरलात' असं झळकत असतं आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. वजन उचलण्याच्या व्यायामाचंही तेच. स्नायुबंध आणि हाडं तर आणखी सावकाश सावरतात, आणि त्यांचा निरोप मनगटापर्यंत पोचतच नाही. नडगीवर बोट दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर स्कोअर १०० असला तरी धावू नका.

आकडा लाल आहे, पण मला मस्त वाटतंय. काय करू?

एक दिवसाचा लाल असेल तर सराव सुरू करा आणि पहिल्या पंधरा मिनिटांत ठरवा. नेहमीच्या वेगाला नाडी नेहमीपेक्षा आठदहा ठोके वर असेल, किंवा पाय जड असतील, तर तो दिवस हलका करा. तसं काही नसेल तर ठरल्याप्रमाणे पळा. दोनतीन दिवस सलग लाल असेल तर मात्र मस्त वाटत असलं तरी ऐकावं.

माझा एक अनुभव सांगते. माझी झोपेतली नाडी एरवी ५१-५२ असते आणि एचआरव्ही ५५ ते ६०. एका सकाळी नाडी ५९ आणि एचआरव्ही ३४. आदल्या दिवशी पळाले नव्हते, जेवण वेळेवर, झोप साडेसात तास, अंगात उत्साह. घड्याळाचा पट्टा सैल असेल म्हणून सोडून दिलं आणि ठरलेला वेगाचा सराव केला. पहिल्या चार फेऱ्या बऱ्या गेल्या, पाचव्या फेरीला छातीत श्वास पुरेना. दुपारी घसा खवखवायला लागला, रात्री ताप आला, आणि पुढचे नऊ दिवस गेले. वहीत त्या पानावर मी आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल केला आहे. शरीर आजाराशी लढायला लागलं की लक्षणं दिसायच्या आधीच नाडी वर जाऊ शकते. त्या सकाळी एवढंच हवं होतं की कारण सापडत नसताना दोन्ही आकडे एकदम उलट्या दिशेला गेलेत, हे बघून मी वेगाचा सराव पुढे ढकलायचा.

उलटही होतं. आकडा हिरवा आणि अंगात काडीची ताकद नाही. तेव्हा अंगाचं ऐका, अगदी निःशंक मनाने. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा आला. खेळाडूंना 'आज कसं वाटतंय' असं विचारून मिळालेली उत्तरं सरावाचा भार यंत्रांच्या मोजमापांपेक्षा जास्त नेमकेपणाने दाखवतात, असं त्यात आढळलं.

मासिक पाळीमुळे आकडे बदलतात का?

हो, आणि हे बायकांना कोणी आधी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. अंडं सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात शरीराचं तापमान थोडं चढतं, झोपेतली नाडी दोनचार ठोक्यांनी वर राहते आणि एचआरव्ही खाली येतो. हे आजाराचंही नाही आणि जास्त सरावाचंही नाही, ती शरीराची ठरलेली लय आहे. घड्याळ मात्र मागच्या काही आठवड्यांची एकच सरासरी धरून बसलेलं असतं, त्यामुळे दर महिन्याला त्याच दिवसांत 'ताण वाढला' म्हणून खुणावतं. पाळीच्या तारखा आकड्यांशेजारी लिहून ठेवा आणि या महिन्याचा विसावा दिवस मागच्या महिन्याच्या विसाव्या दिवसाशी ताडा. तीन महिन्यांत स्वतःचं वळण दिसायला लागतं.

औषधं चालू असतील तर?

बीटा ब्लॉकर ही हृदयाची आणि रक्तदाबाची औषधं नाडीच धीमी करतात, त्यामुळे औषध सुरू होण्यापूर्वीचे आकडे नंतर लागू पडत नाहीत. हृदयाचे ठोके अनियमित असतील, उदाहरणार्थ एट्रियल फिब्रिलेशन, तर एचआरव्ही खोटाच मोठा दिसतो, त्याला चांगली रिकव्हरी समजू नका. कधीच नसलेला मोठा एचआरव्ही अचानक दिसला आणि छातीत धडधडही असेल, तर ईसीजी काढून घ्या.

मनगटावरून रक्तातला ऑक्सिजन कसा कळतो?

रंगावरून. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लालभडक असतं, ते लाल प्रकाश जाऊ देतं आणि इन्फ्रारेड जास्त शोषतं. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन याच्या उलट वागतं. साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश सोडून त्यांचं गुणोत्तर काढलं की ऑक्सिजनचं प्रमाण निघतं. अडचण अशी की त्वचा, हाड आणि शिरांतलं रक्तही प्रकाश खातात. त्यावरचा तोडगा निहोन कोहडेन या जपानी कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडला. प्रकाशाचा फक्त नाडीबरोबर हलणारा भाग घ्यायचा, कारण हलतं ते धमनीतलं रक्त आणि बाकी सगळं जागच्या जागी असतं. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. त्याच काळात त्यांच्या कल्पनेवर चालणारे बोटाचे चिमटे, म्हणजे ऑक्सिमीटर, जगभर घरोघरी पोचत होते.

चिमट्यात प्रकाश बोटाच्या आरपार जातो आणि पलीकडे मोजला जातो. मनगटाच्या आरपार जाणं शक्य नाही, म्हणून घड्याळ परत आलेल्या प्रकाशावर भागवतं. मनगटाच्या वरच्या बाजूला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंही बोटाच्या टोकाइतकं दाट नसतं. त्यामुळे आधीच दुबळा असलेला संकेत आणखी दुबळा मिळतो.

रात्रीत ऑक्सिजन ८५ दाखवला. घाबरायचं का?

एकाच वाचनावरून नाही. समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा ९५ ते १०० असतो. झोपेत तो एखाददुसऱ्या टक्क्याने उतरला तर नवल नाही.

मलाही एकदा पहाटे तीनच्या सुमाराला ८४ दिसला होता. जाग आली ती हाताला मुंग्या आल्यामुळे. कुशीवर झोपले होते आणि घड्याळाचा हात पूर्ण अंगाखाली दबला होता. मनगटातला रक्तपुरवठा दाबला गेला की नाडीबरोबर हलणारा भागच उरत नाही, आणि घड्याळ जे हाताला लागेल त्यावर गणित करतं. हात सोडवला, मिनिटभर चोळला, ड्रॉवरमधला चिमटा बोटाला लावला. ९७. आलेख मोठा करून बघितला तर घसरण एकाच ठिपक्याची होती, आजूबाजूला ९५-९६.

म्हणून आधी आलेखाचा आकार बघा. एकच ठिपका खाली असेल तर बहुधा हात, पट्टा किंवा हालचाल कारण असते. रात्रभर करवतीच्या दात्यांसारखी पुन्हा पुन्हा घसरण दिसत असेल आणि असं अनेक रात्री होत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवण्यासारखं आहे. जागेपणी कमी आकडा आला तर हात गरम करा, टेबलावर टेकवा, दोन मिनिटं स्थिर बसा आणि जमल्यास चिमट्यावर खात्री करा. चिमट्यावरही ९२च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि हे मी अगदी कळकळीने सांगते, दम लागतोय, ओठ निळसर दिसताहेत, छातीत दुखतंय किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, तर घड्याळावर ९८ असलं तरी थांबू नका, तडक दवाखान्यात न्या.

त्वचेच्या रंगाचा फरक पडतो का?

पडतो. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांतली आकडेवारी आली. चिमट्याने ठीक दाखवलेला पण रक्ताच्या थेट तपासणीत कमी निघालेला ऑक्सिजन कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळला. म्हणजे चूक धोक्याच्या दिशेने होते, आकडा असतो त्यापेक्षा बरा दिसतो. हे रुग्णालयातल्या यंत्रांबद्दल झालं. मनगटी घड्याळाकडून त्याहून जास्त अपेक्षा कशी ठेवायची? सावळ्या त्वचेच्या माणसांनी ९४-९५ हा आकडा 'ठीकच आहे' म्हणून झटकून टाकू नये.

मनगटावर गोंदण असेल तर शाई प्रकाश अडवते, घड्याळ दुसऱ्या हातात घाला. गार पडलेल्या हातावरचं वाचन धरू नका.

उंच डोंगरावर हा आकडा कितपत कामाचा?

उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा उरतो, म्हणून प्रत्येक श्वासात हाती लागणारा ऑक्सिजन घटतो. साडेतीन हजार मीटरवर नुकत्याच पोचलेल्या निरोगी माणसाचा आकडा ८५ ते ९०च्या आसपास येणं नेहमीचं आहे, आणि झोपेत तो आणखी उतरतो. तिथे मी रोज एकाच वेळी, बसून, गरम हाताने वाचन घेते आणि आकडा दिवसागणिक वर सरकतोय का एवढंच बघते.

पण वर चढायचं की नाही हे घड्याळाला विचारू नका. उंचीचा त्रास लक्षणांवरून ओळखतात. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं, चक्कर. बरा आकडा असलेल्या माणसालाही तो होतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीनचार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा गिर्यारोहणातल्या डॉक्टरांचा सल्ला आहे. चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर लगेच खाली उतरायचं, त्याच रात्री.

झोपेचे टप्पे कितपत खरे असतात?

खरी मोजणी झोपेच्या प्रयोगशाळेत होते. डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण टिपतात, आणि तज्ज्ञ दर तीस सेकंदांच्या तुकड्याला एक टप्पा देतात. घड्याळाला मेंदू दिसत नाही. ते आडमार्गाने जातं. गाढ झोपेत नाडी आणि श्वास संथ, एकसारखे असतात. आरईएम झोपेत, म्हणजे जिच्यात डोळे भराभर हलतात आणि स्वप्नं पडतात त्या झोपेत, दोन्ही अनियमित होतात आणि अंग मात्र लुळं पडलेलं असतं. या खुणांवरून ते टप्पा ठरवतं. प्रयोगशाळेतल्या दोन तज्ज्ञांचंही एकमेकांशी साधारण ८० टक्क्यांच्या आसपासच जुळतं, तेव्हा मनगटावरून आलेल्या 'आरईएम १ तास १२ मिनिटं' मधली १२ मिनिटं सोडून द्यावीत हे उत्तम.

सगळ्यात मोठी चूक जागेपणाची. तुम्ही निपचित पडून छताकडे बघत असाल, तर घड्याळ त्याला झोप धरतं. निद्रानाश असलेल्यांची यात फसगत होते. तीन तास तळमळून काढलेत आणि ॲप म्हणतं सहा तास झोपलात. अशा वेळी तुमचा अनुभव खरा.

गाढ झोप ३८ मिनिटंच येते. वाढवायची कशी?

आधी ती खरंच कमी आहे का? मोठ्या माणसांत एकूण झोपेच्या साधारण दहा ते वीस टक्के गाढ झोप असते आणि वयाबरोबर घटते. घड्याळाची चूक धरली तर ३८ आणि ५५ यांत फारसा फरक उरत नाही. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात येते आणि आरईएम पहाटेकडे वाढत जाते. म्हणून पहाटे लवकर उठलात की कात्री लागते ती आरईएमला.

टप्पा थेट वाढवता येत नाही, एकूण झोप वाढवता येते. मोठ्यांना किमान सात तास लागतात. रोज उठायची वेळ एक ठेवा, खोली थंड आणि अंधारी ठेवा, कठीण व्यायाम आणि झोप यांत दोनतीन तास जाऊ द्या. मद्य घेतल्यावर झोप पटकन लागते म्हणून ती चांगली असते असं नाही. दुसऱ्या दिवशीचा नाडीचा आलेख बघितला की अर्धी रात्र शरीर काय करत होतं ते कळतं.

घड्याळावरून स्लीप ॲप्निआ (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार) कळतो का?

शंका घ्यायला मदत होते. २०२४ साली अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने सॅमसंग आणि ॲपल या दोघांच्या अशा सोयींना मान्यता दिली. सॅमसंग दोन रात्रींचा ऑक्सिजन बघतं, ॲपल मनगटाच्या सूक्ष्म हालचालींवरून तीस दिवसांतले श्वासाचे अडथळे. दोन्ही सोयी निदान करत नाहीत, आणि काही सापडलं नाही म्हणजे आजार नाही असंही होत नाही. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, गुदमरून उठणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी येणं यांतलं काही असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा. त्याने पाहिलेलं घड्याळाच्या आलेखाइतकंच मोलाचं असतं.

झोपेचा स्कोअर बघायला लागल्यापासून झोपच बिघडली. काय करू?

घड्याळ काढून ठेवा. दोन आठवडे तरी. हा त्रास इतका सर्रास आहे की २०१७ साली संशोधकांनी त्याला ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं, परिपूर्ण झोपेच्या हव्यासातून येणारी निद्रा-चिंता. माणसं आकडा सुधारायचा म्हणून लवकर आडवी होतात, जागीच पडून राहतात आणि अंथरुणाचीच धास्ती बसते. आमच्या गटातली एक मुलगी सकाळी डोळे उघडायच्या आधी ॲप उघडायची आणि ५८ दिसला की दिवसभर थकलेली असायची. तिला मी एकच बदल सुचवला. उठल्यावर दात घासताना स्वतःच स्वतःच्या झोपेला दहापैकी गुण द्यायचे, कागदावर लिहायचे, मगच ॲप उघडायचं. महिनाभरात तिच्या लक्षात आलं की तिचे गुण आणि घड्याळाचे गुण निम्म्या वेळा जुळत नाहीत.

घड्याळ कसं बांधावं?

मनगटाच्या हाडापासून बोटभर वर. हात हलवला तर घड्याळ सरकू नये, काढल्यावर त्वचेवर खोल वळ राहू नये. घामाने आणि साबणाने पाठीमागची काच धुरकट होते, रोज ओल्या फडक्याने पुसा. पट्ट्याखाली पुरळ आलं तर त्वचा कोरडी करा आणि हात बदला. रात्रभर ऑक्सिजन मोजत राहिलं की बॅटरी लवकर संपते. उंचावर जायचं नसेल किंवा घोरण्याची शंका नसेल, तर मी ती सोय बंदच ठेवते.

किती दिवसांनी आकडे भरवशाचे होतात?

पोलर तीन रात्रींनंतर बोलायला लागतं, गार्मिनला एचआरव्हीची पायाभूत रेषा ठरवायला साधारण तीन आठवडे लागतात. माझ्या मते सहा आठवडे सलग घालावं, त्यात एक जड आठवडा, एक हलका आठवडा आणि जमल्यास एक प्रवास यावा. तोवर फक्त नोंद करा, सरावात बदल नको.

रोज नेमकं काय बघावं?

मी तीन गोष्टी बघते. झोपेतली नाडी, एचआरव्हीची सात दिवसांची सरासरी आणि झोपेचे एकूण तास. एका ओळीत मावतं. ओळीच्या शेवटी एक शब्द स्वतःचा, 'ताजी', 'जड', 'चिडचिड', 'पोटरी'. सहा वर्षांनी वही चाळताना आकड्यांपेक्षा या शब्दांचा उपयोग जास्त होतो.

नवीन घड्याळ घेतलं तर जुन्या नोंदी चालतील का?

कंपनी बदलली तर थेट नाही. झोपेतली नाडी बरीच जुळेल. एचआरव्ही जुळेलच असं नाही, कारण रात्रीचा कोणता भाग धरायचा हे प्रत्येकाचं वेगळं असतं. स्कोअर तर अजिबातच जुळत नाही. शक्य असेल तर दोन आठवडे दोन्ही मनगटांवर दोन्ही घड्याळं घालून झोपा. थोडं विचित्र वाटतं, पण दोघांतलं नेहमीचं अंतर कळतं. माझ्या दोन घड्याळांत एचआरव्हीचा फरक सात-आठ मिलिसेकंदांचा निघाला. वहीत त्या तारखेला एक आडवी रेघ मारली, तो फरक तिच्या बाजूला लिहिला आणि खाली नवीन नोंदी सुरू केल्या.